"तू करू शकतेस" एवढं म्हणून मुलगी उभी राहते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माझ्या अकरावीच्या वर्गात एक मुलगी आहे. वडील रोज पितात. आई मार सहन न होऊन दोनदा माहेरी जाऊन परत आली. दहावीला मुलीला चांगले गुण होते, पण आता वर्गात गप्प असते आणि मधूनच चार-चार दिवस येत नाही. तू हुशार आहेस, तू करू शकतेस, असं मी तिला सारखं सांगते. ती मान हलवते आणि पुन्हा तशीच बसते. अशा घरातून आलेल्या मुलींना प्रोत्साहनाने खरंच काही फरक पडतो का, की परिस्थितीपुढे आपले शब्द म्हणजे नुसती फुंकर?

ताई, फरक पडतो. बीड जिल्ह्यात मुलींच्या वसतिगृहात मी अठरा वर्षं अधीक्षिका होते आणि आता सहा वर्षं महिला समुपदेशन केंद्रात बसते. दारू, मारहाण, आईबापाची फारकत, ऊसतोडीच्या मागे होणारी फरफट अशा घरांतून आलेल्या कितीतरी मुली या काळात पाहिल्या. ज्या सावरल्या त्यांच्यातल्या बहुतेकींच्या मागे कुणी ना कुणी होतं. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाच्या शाळेतल्या बाई. एकीच्या मागे तर एसटीचे कंडक्टर होते. ती फाट्यावर दिसली नाही की ते गाडी दोन मिनिटं थांबवायचे आणि धावत आलेल्या पोरीला "उद्या लवकर ये गं" एवढंच म्हणायचे. ती मुलगी मला नंतर म्हणाली, "मॅडम, घरात कुणालाच माहीत नव्हतं मी कितवीत आहे, त्या काकांना माहीत होतं." म्हणून शब्द वाया जातात असं मी म्हणणार नाही. तुमचं वाक्य तुमच्या मुलीला का लागत नाही, ते मात्र आधी बघू.

पिणाऱ्या माणसाच्या घरात गोड बोलण्याचे अर्थ वेगळे होऊन बसतात. सकाळी शुद्धीवर असलेला बाप लेकीला "माझी वाघीण" म्हणतो, डोक्यावरून हात फिरवतो, आणि थोड्या वेळाने आईने डब्यात ठेवलेले पैसे कुठं आहेत ते विचारतो. रात्री मार खाल्लेली आई तिला जवळ घेऊन "तूच माझा आधार" म्हणते आणि पहाटे धाकट्या भावंडांचं सगळं तिच्यावर सोपवून मजुरीला जाते. दोघांचीही माया खोटी नसते. पण कौतुकाच्या मागून काहीतरी येतं, मागणी येते नाहीतर ओझं येतं, एवढं ती मुलगी लहानपणीच शिकते. त्यामुळे तुम्ही "तू करू शकतेस" म्हणता तेव्हा तिला ऐकू येतं, "आता बाईंनाही माझ्याकडून काहीतरी हवंय." ती मान हलवते, कारण मान हलवली की विषय संपतो, हा तिचा घरचा अनुभव आहे.

"हुशार आहेस" या शब्दाची अडचण आणखी वेगळी. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सोडवून झाल्यावर काही मुलांना "तू हुशार आहेस" असं सांगितलं, तर काहींना "तू मेहनत घेतलीस" असं. मग अवघड कोडी दिली. हुशारीचं कौतुक झालेली मुलं लवकर खचली आणि पुढे सोपंच काम मागू लागली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. चांगल्या घरातल्या मुलाचं असं होत असेल, तर दहावीचे गुण सोडून हातात दुसरं काही नसलेल्या मुलीचं काय होत असेल? अकरावीत एक पेपर बिघडला की तिच्या लेखी ती हुशारीच संपते. मग वर्गात उत्तर देऊन चुकण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं तिला वाटणारच.

त्या गप्प बसण्याला आळस समजू नका, ही माझी कळकळीची विनंती. एका मुलीने मला सांगितलं होतं की बाबांची चप्पल अंगणात कशी वाजते त्यावरून आज किती घेतलीय ते तिला कळायचं. त्या आवाजाकडे कान लावून ती रोज जागी राहायची. चप्पल नीट वाजली तर झोपायचं, घासत आली तर धाकट्याला उचलून शेजारच्या काकूंकडे जायचं. अशी रात्र काढलेली मुलगी सकाळी अकराच्या तासाला तुमच्यासमोर बसते आणि तिथेही तिचे कान दाराकडेच असतात. वसतिगृहात नव्या आलेल्या मुलींना पहिले दोन महिने भांडं पडलं तरी दचकताना मी पाहिलंय.

बालपणी घरात मारहाण, व्यसन, आईचा छळ असं जितकं जास्त वाट्याला येतं, तितका पुढच्या आयुष्यात नैराश्य, व्यसन आणि हृदयविकारासारख्या दुखण्यांचाही धोका वाढतो, हे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी कॅलिफोर्नियात सतरा हजारांहून जास्त प्रौढांकडून माहिती घेऊन दाखवलं. त्यांचा पहिला लेख १९९८ मधला. आमच्या प्रशिक्षणात तो पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा मला फार उदास वाटलं होतं. मग आमच्या मुलींचं ठरूनच गेलं की काय, असं मनात आलं. मला सावरलं ते एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांच्या कामाने. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा त्यांनी चाळिशीपर्यंत घेतला. त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईबापाचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अडचणींत वाढलेली होती. या मुलांमधलंही प्रत्येक तिसरं मूल मोठेपणी भक्कम, कामसू, माया लावणारं माणूस झालं. त्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा आढळलेली गोष्ट म्हणजे निदान एक तरी स्थिर, मायेचं मोठं माणूस त्यांच्या वाट्याला आलेलं होतं. ते आईवडिलांपैकीच असायला हवं असं नव्हतं, आजी-आजोबा किंवा शिक्षकही चालले. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी बारावी नापास होऊन आलेल्या मुलींना नेहमी सांगते: किशोरवयात घसरलेल्यांपैकीही बरेचजण विशी-तिशीत शिक्षणाची, कामाची दुसरी संधी मिळाल्यावर सावरले, आणि त्यात बायकांचं प्रमाण जास्त होतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नात "शब्द" आहे तिथे मी "माणूस" हा शब्द ठेवीन. शब्द त्या माणसाच्या मागोमाग येतात. आणि ते आले की नेमके यावे लागतात.

नेमके म्हणजे कसे, ते एका मुलीवरून सांगते. नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. आठवीत आमच्याकडे आली. आईवडील दर दिवाळीनंतर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जायचे. तिसरीपासून तीही त्यांच्याबरोबर जात होती. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, स्वयंपाक करायचा, धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, आणि परत आलं की शाळेत मागच्या बाकावर. आमच्याकडे आली तेव्हा गणितात नापास, अपूर्णांक म्हटलं की रडू. मीही पहिले सहा महिने तिला "अगं, येईल तुला, तू प्रयत्न कर" असंच सांगत होते. काही उपयोग झाला नाही.

एकदा रात्री मी कोठीघरात किराण्याची पावती जुळवत बसले होते. ती पाणी प्यायला आली, माझ्या खांद्यावरून कागद पाहिला आणि म्हणाली, "मॅडम, तूरडाळीचं दोनदा लावलंय." खरंच लावलं होतं. मी विचारलं, "तुला कसं दिसलं?" म्हणाली, "खालून वर मोजत आले की दिसतं. बाबाचा अंगठा घ्यायच्या आधी मुकादमाची वही मी वाचायचे. त्यात उचल दोनदा लावायचे ते."

ताई, त्या क्षणी मी तिला हुशार म्हणाले नाही. मी एवढंच म्हणाले, "म्हणजे तू हिशोब तपासतेस. खालून वर मोजायची पद्धत मला माहीत नव्हती, मला दाखव." तिने दाखवली. दुसऱ्या दिवसापासून कोठीची वही महिनाभर तिच्याकडे दिली. मुलींपैकी एकीने रोज साहित्य मोजून घ्यायचं, ही पद्धत आमच्याकडे तेव्हापासून पडली. महिनाअखेरीला वहीवर माझ्या सहीखाली तिची सही घेतली. त्या सहीकडे ती किती वेळ बघत होती, ते मला आजही आठवतं. घरच्या वहीत अंगठा असायचा. अपूर्णांक पुढच्या वर्षी आले, तेही किलो-पाव किलोच्या भाषेत. आज ती एका पतसंस्थेत रोखपाल आहे.

यात मी काय केलं? तिच्या अंगात आधीपासून असलेली एक गोष्ट तिला नाव देऊन परत दिली आणि तिच्यावर खरं काम सोपवलं. बिकट घरातल्या मुली अशा कितीतरी गोष्टी शिकून आलेल्या असतात. चेहरा वाचणं, भांडण वाढायच्या आत थांबवणं, तीस रुपयांत पाच जणांचं भागवणं, लहान पोराला ताप असताना रात्र काढणं. शाळेच्या गुणपत्रिकेत यासाठी रकाना नसतो, म्हणून त्यांना वाटतं की आपल्याला काहीच येत नाही. मात्र "दुःखानं तुला घडवलं" असं तिला कधी म्हणू नका. दुःखानं तिचं नुकसानच केलंय. त्या नुकसानीतही ती जे शिकली, ते तिचं स्वतःचं आहे.

तुम्ही मराठी शिकवता, हे फार बरं आहे. तुमच्या हातात तिची वही येते. अमेरिकेत डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात शिक्षकांनी मुलांच्या निबंधांवर नेहमीसारख्या दुरुस्त्या केल्या. त्यातल्या काही वह्यांवर एक चिठ्ठी जास्तीची लावली होती. माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू तिथवर पोचशील हे मला माहीत आहे, म्हणून या सूचना देतेय, अशा अर्थाची. ही चिठ्ठी मिळालेल्या मुलांनी निबंध पुन्हा लिहून आणण्याचं प्रमाण वाढलं, आणि शाळेवरचा विश्वास उडालेल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये ते सगळ्यात जास्त वाढलं. बघा, इथे दुरुस्त्या गाळलेल्या नाहीत. बिचारी म्हणून चुका सोडून द्यायच्या, गुण वाढवून द्यायचे, हे या मुलींना लगेच कळतं आणि फार लागतं. चुका दाखवा. सगळ्या दाखवा. फक्त त्या तिच्यावरच्या भरवशापोटी दाखवताय, हे तिला स्पष्ट कळू द्या.

आता माझी चूक सांगते. वसतिगृहाच्या वर्धापनदिनाला एका मुलीला बक्षीस होतं. बारावीच्या सहामाहीत ती तालुक्यात पहिली आली होती. मला फार अभिमान वाटत होता. माईक हातात घेतला आणि बोलत गेले: बाप दारूत बुडालेला, आईचे हाल, घरात खायला नाही, अशा घरातून ही पोर इथवर आली. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. काहींनी डोळे पुसले. ती स्टेजवर माझ्या शेजारी उभी होती, पायाच्या अंगठ्याने सतरंजी उकरत. कार्यक्रम संपल्यावर मला कळलं की तिचे वडील आले होते. धुतलेला सदरा घालून, शुद्धीत, शेवटच्या रांगेत बसले होते. तिनेच त्यांना बोलावलं होतं. न पिता या, अशी शपथ घातली होती आणि त्यांनी ती पाळली होती.

त्या रात्री ते काही न बोलता निघून गेले. दिवाळीच्या सुटीला ती घरी गेली ती परत आली नाही. मी दोन वेळा गावी जाऊन आले. आईने चहा दिला, मुलगी बाहेर आली नाही. मे महिन्यात तिचं लग्न झालं. अठरा पूर्ण होती, कायद्याने काही अडवण्यासारखं नव्हतं. लग्नाची पत्रिका आली होती. जायची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हापासून एक नियम पाळते आणि नव्या अधीक्षिकांनाही हात जोडून सांगते. मुलीची गोष्ट ही मुलीची आहे. तिला सांगावीशी वाटली तर ती सांगेल, कुणाला सांगायची ते तीच ठरवेल. तुम्ही शिकवत असाल मुक्ता साळवेंबद्दल. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही विद्यार्थिनी, १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या माणसांच्या हालांबद्दल तिने स्वतः लिहिलं, स्वतःच्या शब्दांत, प्रश्न विचारत. शाळेने तिला लिहायला शिकवलं आणि तिचं लिहिणं लोकांपुढे जाण्याइतकं मोलाचं मानलं. तिच्या वतीने कुणी रडगाणं गायलं नाही. मी त्या स्टेजवर नेमकं तेच केलं होतं, आणि वर त्याला कौतुक समजत होते.

बापाबद्दलही तिच्यासमोर वाईट बोलू नका, तो कसाही असला तरी. ती बोलेल, शिव्याही देईल, तेव्हा ऐका. तुम्ही "हो ना, असला कसला बाप" म्हणालात की ती त्याची बाजू घ्यायला लागेल आणि तुमच्यापासून एक पाऊल मागे सरकेल. "त्यांचं पिणं ही तुझी चूक नाही, आणि ते थांबवणं हे तुझं काम नाही", एवढं मात्र सांगा. एकदा सांगून भागत नाही. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीला मनातून वाटत असतं की आपण जास्त चांगलं वागलो असतो तर बाबा प्यायले नसते.

आणि अपराधीपण. यावर फारसं कुणी बोलत नाही, पण मुली मागे फिरतात त्या बऱ्याचदा यामुळे. वसतिगृहात पंख्याखाली झोपलेल्या मुलीला धाकटी बहीण दिसत असते, जी आता तिच्या जागी मार खातेय. निकाल चांगला लागला की काही मुली आनंदाने नाचण्याऐवजी आजारी पडतात. अभ्यास सोडून घरी जायचं म्हणतात आणि कारण सांगत नाहीत. तुमची मुलगी दहावीनंतर मागे का पडली, याचं उत्तर इथेही असू शकेल. आपण पुढे गेलो तर आईला कुणाच्या भरवशावर सोडणार? अशा वेळी "स्वतःचा विचार कर" हा सल्ला तिला दगडासारखा लागतो. मी तिच्याबरोबर बसून धाकटीसाठी काय करता येईल ते कागदावर मांडते: तिचं वसतिगृहात नाव घालता येईल का, दर रविवारी फोन, शेजारच्या काकूंचा नंबर. धाकटीची थोडी तरी सोय लागली की थोरली पुस्तक उघडते.

आईला भेटा. वडिलांना नंतर, आईला आधी. आमच्या भागात आईवडील पोरीचं लग्न उरकतात ते पुष्कळदा भीतीपोटी. सहा महिने तोडीला जायचं, वयात आलेली पोर मागे कुणाजवळ ठेवायची? शिवाय लग्न झालं की नवरा-बायकोचा एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी, धरला जातो आणि उचल मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं, आणि आमच्या बीडमध्ये ४३.७, शेजारच्या परभणीत ४८. या आकड्यांमागे क्रूर आया नाहीत, घाबरलेल्या आया आहेत. तिला मुलगी सुरक्षित कुठे राहील ते दाखवलंत, खोली दाखवलीत, दाराची कडी दाखवलीत, तर निम्मं काम होतं. एका आईला मी म्हणाले होते, "तुम्ही एवढ्या मारातही हिची फी कधी चुकवली नाहीत." ती बाई ढसाढसा रडली. तिला आजवर कुणी शाबास म्हटलंच नव्हतं. त्या दिवसानंतर तिने मुलीच्या लग्नाचा विषय आपणहून दोन वर्षं पुढे ढकलला.

शाबासकीला कागदाची जोडही लागते, हे पटकन सांगते. "तू नर्सिंगला जा" म्हणणं सोपं आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, आधारला जोडलेलं बँकखातं हे सगळं त्या घरात कोण करणार? तिच्याबरोबर एकदा तहसीलला जा, किंवा जाणारं माणूस जोडून द्या. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आहेत. आई वेगळी राहत असेल किंवा एक पालक गेला असेल, तर अठरा वर्षांपर्यंत बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, त्यासाठी बालकल्याण समितीकडे अर्ज करावा लागतो. आईला होणारी मारहाण थांबवण्यासाठी घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येतं.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या मुलींकडून मी एक गोष्ट शिकले. त्यांना ८०० मीटर धावावं लागतं. एक मुलगी रोज शेवटी यायची आणि मैदानावरच बसून रडायची. तिला धावायला शिकवणाऱ्या सरांनी कधी "छान" म्हटलं नाही. ते फक्त वहीत सेकंद लिहायचे आणि तिला दाखवायचे: काल इतके, आज दोन कमी. एखाद्या दिवशी वाढले तर विचारायचे, "रात्री झोपलीस का?" बस. तिला पहिल्यांदा कुणीतरी कालच्या तिच्याशी जुळवून बघत होतं. घरात आणि गावात ती कायम कुणाच्या तरी मुलीशी, नाहीतर कुणाच्या तरी मुलाशी जुळवली जायची. ती भरती झाली की नाही, हे सांगायचा मोह टाळते, कारण ती झाली नाही. दोन गुणांनी राहिली. पण पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज भरला. आधीची ती असती तर पहिल्या वेळेला घरी गेली असती.

काही गोष्टी मात्र शाबासकीच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. मुलीच्या अंगावर वळ दिसले, मनगटावर खुणा दिसल्या, जगून काय करू अशा अर्थाचं ती बोलली, किंवा घरातल्या कुणाच्या स्पर्शाबद्दल अडखळत काही सांगू लागली, तर धीर देऊन थांबू नका. "कुणालाच सांगणार नाही" असं वचन तर आधीच देऊ नका. "मी ते अशाच माणसांना सांगेन जे तुला सुरक्षित ठेवू शकतील, आणि सांगण्याआधी तुला कळवेन", एवढं वचन द्या आणि पाळा. अठराच्या आतल्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. बालकांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१, तातडीच्या वेळी ११२, आणि मनाच्या त्रासासाठी टेलीमानसचा १४४१६ हे नंबर वर्गाच्या भिंतीवर लावा, म्हणजे कुणालाही मागावे लागणार नाहीत. अठराच्या आत लग्न ठरत असल्याचं कानावर आलं तर गावातले ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात.

आणि तुमची परीक्षा होईल, ही तयारी ठेवा. विश्वास बसू लागला की या मुली आधी जास्त बिघडतात. खोटं बोलतात, दिलेलं पुस्तक हरवतात, उलटून बोलतात. हिलाही मी नकोशी होते का, ते त्या तपासून बघत असतात. माझ्या एका मुलीने पाठोपाठ तीन वेळा माझ्या टेबलावरचं पेन नेलं. चौथ्या वेळी मी दोन पेनं ठेवली आणि म्हणाले, "एक तुझं, एक माझं, माझं मला लागतं." पुढे पेन गेलं नाही. रागावू नका असं मी म्हणत नाही, रागवा. पण दुसऱ्या दिवशी नेहमीसारखंच हाक मारून बोलवा. राग आला तरी माणूस उठून जात नाही, हे तिने घरात कधी पाहिलेलं नाही. तुमच्याकडे बघून शिकेल.

म्हणून तुमच्यापुरतं सांगते. पुढच्या वेळी ती चार दिवसांनी वर्गात येईल तेव्हा "कुठं होतीस एवढे दिवस" असं विचारू नका. "आलीस, बरं झालं" म्हणा, आणि बुडालेल्या तासांची टिपणं तिच्या बाकावर ठेवा. आधीपासून तयार ठेवा, म्हणजे ती नसतानाही तिची जागा धरलेली होती हे तिला दिसेल. तिच्या निबंधातलं एक वाक्य शोधा, खरंच चांगलं असलेलं, आणि समासात लिहा की ते का चांगलं आहे. बाकीच्या चुका त्याच पानावर दाखवा. आठवड्यातून एक ठरावीक वेळ द्या, शुक्रवारचे दहा मिनिटं का होईना, आणि ती कधीही चुकवू नका. चुकणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. ती काहीच बोलली नाही तरी बसा. माझ्याकडे एक मुलगी सात शुक्रवार गप्प बसली होती. आठव्या शुक्रवारी तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी कोण कोण आहे?" तिथून सुरुवात झाली.

आणि आज घरी जायच्या आधी एक काम करा. हजेरीपट काढा आणि तिच्या गैरहजेरीचे दिवस एका कागदावर उतरवा. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येतात का ते बघा, त्या दिवशी हातात पैसे असतात आणि घरात मार होतो. वडिलांच्या पगाराच्या तारखेशी जुळतात का बघा. की दर महिन्याला साधारण त्याच अंतराने येतात, म्हणजे पाळीचे दिवस आणि कॉलेजात स्वच्छतागृहाची सोय नाही? की आई माहेरी असते त्या दिवसांत घर तिच्यावर पडतं? या चारही गोष्टींवरचे उपाय अगदी वेगवेगळे आहेत. तारखा हातात आल्या की मला कळवा, मग पुढचं आपण मिळून ठरवू.